गुडघ्याचं मलम आणि पंचगंगा

राम राम मंडळी. आज सकाळी गुडघ्याला मलम चोळलंय का कुणी? आमच्या आईचा दिवसच त्यानं सुरू होतो, आणि तालमीतल्या पोरांच्या पिशवीत तर ती ट्यूब असतेच असते. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमधे डायक्लोफेनॅक असतं बघा, आणि चोळलेल्यातलं साधारण ६-७ टक्केच अंगात मुरतं, बाकीचं आंघोळीला, हात धुताना, टॉवेल धुताना गटारात, तिथनं नाल्यात, पंचगंगेत आणि पुढं नृसिंहवाडीला कृष्णेत.

तुम्ही म्हणाल एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे की. आहे, पण असले प्लांट मैला कमी करायला बांधलेले असतात, त्यातल्या जिवाणूंना डायक्लोफेनॅक नीट पचत नाही, आणि फिटवर देतात ते कार्बामॅझेपिन तर जवळजवळ आहे तसं पलीकडं निघतं. फेस नाही, वास नाही, रंग नाही. नदीत मासे मेले, जलपर्णी माजली की आपण ओरडतो, ओरडायलाच पाहिजे, पण जे दिसतच नाही त्याच्यासाठी कोण ओरडणार?

एवढ्याशानं काय होतंय असं मलाही वाटायचं. कॅनडातल्या एका तळ्यात शास्त्रज्ञांनी २००१ पासनं तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन मुद्दाम सोडलं, लिटरला ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे २० कोटी लिटर पाण्याला जेमतेम १ ग्रॅम! तेवढ्यावर नर माशांच्या अंगात अंड्यातलं प्रोटीन बनायला लागलं आणि फॅटहेड मिनो नावाच्या बारक्या माशांची तिथली जमात जवळपास संपली. डायक्लोफेनॅक टोचलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन आपली गिधाडं गेली, त्याचं जनावरांचं औषध सरकारनं २००६ ला बंद केलं, पण माणसांचं चालूच आहे, आणि चालूच राहणार कारण गुडघे दुखतातच.

स्वित्झर्लंडनं २०१६ पासनं निवडक प्लांटमधे असली औषधं काढायला ओझोन नाहीतर ॲक्टिव्हेटेड कार्बनचा जादा टप्पा सक्तीचा केलाय. खर्च मोठा आहे. युरोपनं २०२४ च्या कायद्यात त्या खर्चातला किमान ८० टक्के वाटा औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांवर टाकलाय, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडंही हा खर्च नुसता घरपट्टीवाल्यांच्या डोक्यावर बसता कामा नये.

तोवर घरातलं तरी करूया. मलम चोळलं की हात लगेच नळाखाली धरायचा नाही, आधी कागदाला पुसायचा, कागद कचऱ्याच्या डब्यात, मग धुवायचा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, एवढंच ना, आणि बेसिनशेजारी जुन्या पेपरचे तुकडे खिळ्याला अडकवून ठेवलेत तिनं.