डिफॉल्टर लिस्ट, मेसचं रजिस्टर आणि संकटातला विद्यार्थी

(प्राध्यापक, रेक्टर, ऑफिस स्टाफ आणि एनएसएसच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या कार्यशाळेतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ऑफिसमधले काही जण पण आज आलेत हे बघून मला फार बरं वाटलं, कारण मी जे बोलणार आहे ते बरंचसं त्यांच्याबद्दलच आहे.

आपल्याकडे काय होतं, एखाद्या मुलाचं काही बिनसलंय असं दिसलं की सगळे म्हणतात काउन्सेलरकडे पाठवा. काउन्सेलर हवाच, त्यात वादच नाही, सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे. पण काउन्सेलरच्या खोलीत कोण येतं? ज्याच्यात उठून यायची ताकद आहे तो येतो. ज्याच्यात ती उरलेली नाही त्याचं काय, हा माझा आजचा मुद्दा आहे.

समजा एक मुलगा आहे, मेकॅनिकल सेकंड इयर, परभणीकडचा, हॉस्टेलला राहतो. दोन विषय राहिलेत. अटेंडन्स कमी म्हणून नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलंय आणि ती लिस्ट बोर्डावर सगळ्यांनी वाचलीये. स्कॉलरशिप महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अडकलीये म्हणून तो फी सेक्शनला दोन-तीनदा येऊन गेला, आणि तिथल्या मॅडमना आठवतंय की शेवटच्या वेळी तो खिडकीशी उभा राहिला आणि काही न विचारताच परत गेला. मेसच्या मावशींना माहितीये की तो रात्रीचा जेवायला येत नाहीये. गेटवरच्या काकांनी त्याला भलत्या वेळी एकटाच बाहेर जाताना बघितलंय. रूममेटला माहितीये की तो पहाटेपर्यंत जागा असतो आणि परवा त्याने स्वतःचे हेडफोन आणि नवा ट्रॅकसूट कुणाला तरी देऊन टाकला.

आता बघा, कॉलेजला सगळं माहिती होतं. फक्त ते पाच जणांकडे तुकड्या-तुकड्यात होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याकडचा तुकडा म्हणजे काही विशेष नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. २००७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला, ३२ जणांचा जीव गेला, नंतर चौकशी समितीने नेमकं हेच मांडलं की गोळीबार करणाऱ्या विद्यार्थ्याबद्दलची काळजी वेगवेगळ्या विभागांना होती पण कुणी एकत्र बसून जोडली नाही, आणि खाजगीपणाच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून लोक एकमेकांशी बोललेच नाहीत. त्यानंतर तिकडच्या कॅम्पसवर वेगवेगळ्या विभागांकडचे असे तुकडे एकत्र बसून जोडणाऱ्या टीम झपाट्याने वाढल्या. पण एक फरक लक्षात ठेवा, तिकडे टीममागे हिंसाचाराची भीती पण होती, त्यामुळे धोकादायक कोण हा प्रश्न सारखा डोकावतो. आपल्याकडे तसं करू नका. आपला प्रश्न वेगळा आहे. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या, २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यात १,७६४ महाराष्ट्रातल्या, देशात सगळ्यात जास्त. आपल्याला कुणावर पाळत ठेवायची नाहीये, कुणी एकटं पडत चाललंय का ते वेळेत बघायचंय.

तर टीम म्हणजे काय, काउन्सेलर, रेक्टर, एक-दोन प्राध्यापक, परीक्षा किंवा फी सेक्शनमधलं एक माणूस आणि एनएसएसचे प्रोग्रॅम ऑफिसर. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसायचं आणि प्रत्येकाने सांगायचं की या आठवड्यात कुणाबद्दल काळजी वाटली. मावशींना आणि गेटवरच्या काकांना मीटिंगला बसवायची गरज नाही, पण त्यांनी कुणाला सांगायचं हे त्यांना माहिती पाहिजे आणि सांगितल्यावर त्यांचं ऐकलं जातं असा त्यांना अनुभव आला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी ते बोलणार नाहीत. कोर्टाने टीचिंग आणि नॉन-टीचिंग सगळ्यांना वर्षातून दोनदा ट्रेनिंग द्यायला सांगितलंय ते याच्यासाठीच आहे.

मीटिंगमध्ये काय बोलायचं? जे दिसलं ते. जेवत नाही, सबमिशन दिलं नाही, फोन उचलत नाही. मुलाने काउन्सेलरला विश्वासाने जे सांगितलं ते तिथे येणार नाही, जिवाला धोका असेल तेव्हाच आणि तेही गरजेपुरतंच. ही रेषा एकदा पुसली गेली की हॉस्टेलभर होतं की काउन्सेलरला सांगितलेलं रेक्टरपर्यंत जातं, आणि मग त्या खोलीत कुणी पाऊल ठेवत नाही.

मग जायचं कुणी? ज्याच्याशी तो मुलगा बोलतो त्याने. ते वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर असतील, कबड्डीचे सर असतील. केबिनमध्ये बोलावून समोर तीन जण बसवून विचारू नका, ती चौकशी वाटते. आणि शंका आली तर सरळ विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतोय का?" बऱ्याच जणांना वाटतं असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं आपणच घालू. तसं होत नाही, संशोधनाने हे पुन्हा पुन्हा दाखवलंय. विचारलं की उलट त्याला बोलायला जागा मिळते. तो हो म्हणाला तर "असं बोलू नये, आईबापाचा विचार कर" हे कृपा करून म्हणू नका, तो विचार करून करूनच तो थकलेला असतो. त्याच्याजवळ थांबा, त्याला एकटं सोडू नका, आणि तिथूनच काउन्सेलरला फोन लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, फोन मोफत आहे.

रात्रीचं मात्र आधीच ठरवून ठेवा, कारण अशी वेळ बऱ्याचदा ऑफिस बंद असतानाच येते. गाडी कुणाची, कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं, सोबत कोण जाणार, डिपॉझिट मागितलं तर पैसे कोण भरणार, या चार गोष्टी रेक्टरच्या खोलीत भिंतीवर लिहिलेल्या पाहिजेत. कॅज्युअल्टीमध्ये एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, होणार म्हटलं की सगळे घाबरतात, पोलीस केस होईल, मुलाचं करिअर जाईल म्हणून, आणि त्यात वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जाईल, आणि तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या आयपीसीचं ३०९ कलम भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलंच नाही. तेव्हा केसच्या भीतीने हॉस्पिटलला न्यायला उशीर करू नका.

घरी फोन करताना आधी मुलाला विचारा की घरातलं कुणाशी बोलू. पुष्कळदा मामा किंवा मोठी बहीण जास्त समजून घेते. आणि काही घरांमध्ये घरच संकटाचं कारण असतं, मुलींच्या बाबतीत तर हे फार बघावं लागतं. "तुमच्या मुलाला येऊन घेऊन जा" एवढाच फोन गेला तर गावाकडच्या बापाला ते मुलाला काढून टाकल्यासारखंच ऐकू येतं. जातीवरून किंवा रिझर्वेशनवरून टोमणे चाललेत का हेही विचारा, आणि तसं असेल तर तो फक्त काउन्सेलिंगचा विषय राहत नाही, कॉलेजला कारवाई करावी लागते. छळणाऱ्याला मोकळं सोडून सोसणाऱ्याला श्वासाचे व्यायाम शिकवण्यात काही अर्थ नाही, आणि मी हे चिडून बोलतोय कारण हे होताना दिसतं.

आता ऑफिसवाल्यांसाठी. त्या परभणीच्या मुलाला तुम्ही जे देऊ शकता ते काउन्सेलर देऊ शकत नाही. फीला मुदत, हॉल तिकीट, राहिलेल्या टर्मवर्कसाठी पुढची तारीख, मेडिकल लीव्हचा अर्ज कुठे द्यायचा याची नीट माहिती. प्राचार्यांनी टीमला एवढा अधिकार लेखी द्यावा की अशा केसमध्ये दोन दिवसांत निर्णय होईल. आणि डिफॉल्टर लिस्ट बोर्डावर लावणं बंद करा, ती टीमकडे द्या आणि त्यातल्या प्रत्येकाशी कुणीतरी एकदा बोला.

शेवटचं, मुलगा परत येतो तेव्हाचं. हॉस्पिटलमधून किंवा घरून परतल्यावरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात आणि नेमकं तेव्हाच आपल्याला वाटतं की झालं, सुटलो. तो परत येतो तेव्हा प्रॅक्टिकलचे ग्रुप बदललेले असतात, मेसमध्ये आपल्याकडे सगळे बघतायत असं त्याला वाटत असतं. यायच्या आधी त्याच्याशी बोलून ठरवा की कोणते विषय आत्ता, कोणते पुढच्या सेमला, आणि वर्गात काय सांगायचं, की काहीच नाही सांगायचं. एका माणसाने दर आठवड्याला त्याला भेटायचं, चहाला का होईना. आणि त्याच्या रूममेटला विसरू नका, मुलाला हॉस्पिटलला नेलं त्या रात्री रूममेटच धावला होता, त्यानेच फोन केले होते, आणि त्याला अजून कुणी विचारलेलंच नाहीये.

आता प्रश्न घेऊया, आणि रेक्टर मंडळींनी आधी विचारा.