मातीच्या भट्टीत पोलादाचं पातं

विजेवर चालणारी ही भट्टी कित्येक वर्षं मातीकामाच्या स्टुडिओत होती. आत हलक्या इन्सुलेशन विटा, विटांच्या खाचांत कांथलची, म्हणजे विजेने तापणाऱ्या मिश्रधातूच्या तारेची कॉइल, वर झाकण. कॉइल जुनी झाली की तिचा रोध वाढतो आणि भट्टीची ताकद घटते. स्टोनवेअरच्या, म्हणजे पक्क्या भाजलेल्या भांड्यांच्या ग्लेझला (काचेसारख्या लेपाला) १२२० अंशांच्या आसपास तापमान लागतं. तिथवर ती पोचेनाशी झाली, म्हणून विकायला निघाली. सुरी बनवणाऱ्याला पात्याला पाणी द्यायला, म्हणजे ते तापवून तेलात बुडवून कडक करायला, मात्र ८१५ अंश पुरतात, आणि तेवढे ती आजही आरामात देते.

आपल्याकडचे लोहार ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता घडवतात आणि तो किती तापला ते रंगावरून ओळखतात. ही नजर म्हणजे मोठी विद्या आहे. पण भात्याच्या आगीत जाड पाठ आणि पातळ टोक सारखं तापवणं फार अवघड. टोक आधी तापतं, आणि प्रमाणाबाहेर तापलं की पोलादाचे कण मोठे होतात. असं पातं मोडून पाहिलं तर तुटलेल्या कडेवर रव्यासारखी खर चमकते. त्या धारेचे टवके उडतात.

भट्टीत उष्णता चहूबाजूंनी येते. प्रश्न उरतो नियंत्रणाचा. मातीकामात भट्टीत ठेवलेला मातीचा छोटा शंकू तापून वाकला की वीज बंद होते, पण शंकू उष्णता आणि वेळ दोन्हींचा हिशेब ठेवतो. पोलादाला नेमका अंश हवा, तोही धरून ठेवलेला. म्हणून इथे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि त्यावरून वीज कमीजास्त करून तापमान धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर बसवलाय. थर्मोकपलचं टोक नीट पाहा: ते कॉइलजवळ नाही, पातं उभं राहतं तिथे आहे.

भट्टी आडवी केली, म्हणजे झाकणाचंच दार झालं. उभ्या भट्टीचं झाकण उघडलं की सगळी धग तोंडावर येते. पण आडवी केल्यावर कॉइल खाचेतून लोंबू लागते, तिला पिना माराव्या लागतात. वापरलेली कॉइल थंड असताना वाकवली तर काडकन तुटते. आधी तापवायची, वीज पूर्ण तोडायची, मगच हात लावायचा. दारालाही स्विच आहे, दार उघडताच वीज जाते. लोखंडी चिमटा चालू कॉइलला लागला तर जिवावर बेतेल. इथे काटकसर नको.

आकडा ८१५ वर आला तरी विटा आतपर्यंत तापू द्यायच्या. मग ‘१०८४’ या जातीच्या पोलादाचं पातं आत, पाठ खाली, धार वर. दहा मिनिटं. दार उघडलं, आणि टोक खाली करून पातं थेट कोमट तेलात. पहिल्या सेकंदाभरातच त्याचं तापमान साडेपाचशेच्या खाली यावं लागतं, म्हणून तेलाचा डबा हाताच्या अंतरावर आहे. डब्याचं झाकणही शेजारीच, तेल पेटलंच तर.

कानस फिरवली, ती घसरली. पाणी नीट चढलं. पण आता हे पातं फरशीवर पडलं तरी मोडेल. ठिसूळपणा घालवायला २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. हे काम साध्या ओव्हनमध्ये होतं, कारण एवढ्या कमी तापमानाला मोठी भट्टी आवरत नाही आणि निवायलाही तिला तासन् तास लागतात. पात्यावर फिकट पिवळी झाक आली की मूठ बसवायला घ्यायची.

स्टेनलेसच्या सुऱ्यांनाही मागणी आहे. त्यांना हजाराच्या वर अंश लागतात, शिवाय हवा लागू नये म्हणून पातं स्टीलच्या पातळ फॉइलमध्ये गुंडाळावं लागतं. नवी कॉइल आली की तेही काम याच भट्टीत सुरू होईल.