मळी काढल्यावर

[दृश्य: पहाटेचं गुऱ्हाळ. चुलवाणातला जाळ, काहिलीवरची वाफ.]

करवीर तालुका, थंडीची पहाट. चुलवाणात चिपाडं ढकलली जातायत. काहिलीतला रस तापला की वर मळी जमायला लागते. भेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकला की ती गोळा होऊन वर येते आणि झाऱ्यानं काढता येते. हे काम घाईचं नाही. मळी राहिली तर गुळाला रंग येत नाही, आणि सौद्यात रंगाशिवाय भाव नाही.

२०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा कोल्हापुरी गूळ. त्याच्याबद्दल इथं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं. "साखर वाईट, गूळ चांगला. गुळानं रक्त वाढतंय."

देशाचा आहारसल्ला लिहायला बसलेल्या माणसांनी या वाक्याचं काय करायचं?

[दृश्य: गुळव्याचे हात. रसाचा थेंब पाण्यात पडतो.]

'गुळानं रक्त वाढतं का?' हा अजून तपासता येण्याजोगा प्रश्नच झालेला नाही. कुणाचं रक्त? गरोदर बाईचं की तालमीतल्या पोराचं? रोज किती गूळ, किती महिने? तुलना गूळ न खाणाऱ्यांशी, की तेवढीच साखर खाणाऱ्यांशी? आणि मोजायचं काय, हिमोग्लोबिन की थकवा? हे सगळं अभ्यास शोधायला लागण्याआधी लिहून ठेवायचं. नाहीतर आपल्याला आवडणाऱ्या उत्तराचेच अभ्यास बरोबर सापडत जातात. पुराव्यांच्या पद्धतशीर आढाव्याची, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून, गाळून एकत्र तोलण्याची, सुरुवात या कागदापासून होते.

साखरेचं उदाहरण बघा. जागतिक आरोग्य संघटनेसाठी न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी साखर आणि वजन यांचा आढावा घेतला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचण्यांच्या शोधात ७,८९५ नोंदी हाती आल्या. निकषात बसल्या फक्त ३०. माणसांच्या गटांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारे अभ्यास ९,४४५ निघाले, त्यातले टिकले ३८.

केवढी ही मळी! पण काहिलीवरची मळी कुणी मोजत नाही. इथं मात्र बाद केलेल्याचाही हिशेब ठेवावा लागतो. किती गाळले आणि कोणत्या कारणानं, म्हणजे दुसऱ्या कुणाला शंका आली तर तो तीच चाळण पुन्हा लावून बघू शकतो.

टिकलेल्या चाचण्यांत दिसलं ते असं. मनाप्रमाणे खाणाऱ्या प्रौढांनी साखर कमी केली, तेव्हा वजन सरासरी ०.८ किलोनं कमी भरलं. साखर वाढवली, तेव्हा साधारण तेवढंच वाढलं. पण साखरेच्या जागी तितक्याच उष्मांकाचं दुसरं कर्बोदक दिलं, तेव्हा वजनात फरक जवळपास पडलाच नाही. साखर नकळत जास्तीचे उष्मांक पोटात ढकलते, दोष तिथं आहे.

[दृश्य: शाळकरी मुलं, हातात चिक्की.]

दातांचा पुरावा तर थेट युद्धातून आलाय. दुसऱ्या महायुद्धाआधी जपानमध्ये माणशी वर्षाला १५ किलो साखर लागायची. १९४६ मध्ये ती ०.२ किलोवर आली आणि दातांची कीडही घटली. पण युद्धात फक्त साखरच संपते का? बाकीचंही किती बदललं असेल! म्हणून या पुराव्याचा दर्जा 'अतिशय कमी' ठरला.

आणि हा दर्जा सल्ल्याच्या शब्दांत उतरतो. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 'मुक्त साखर' एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवा, अशी ठाम शिफारस केली. ५ टक्क्यांखाली नेण्याची शिफारस मात्र सशर्त, कारण तिच्यामागे हाच दातांचा पुरावा. आपल्यापर्यंत येईतोवर हा ठाम-सशर्तचा फरक गळून जातो, उरतं नुसतं 'खा' किंवा 'खाऊ नका'. मला विचाराल तर खरी मळी तिथंच राहते.

आता गुळाची पंचाईत. मुक्त साखर म्हणजे कारखान्यानं, स्वयंपाक करणाऱ्यानं किंवा खाणाऱ्यानं पदार्थात घातलेली कुठलीही साखर. मध, पाक, फळांचे रसही त्यात. अख्खं फळ आणि दूध त्यात नाही. चहात पडलेला गूळ मात्र आहे, मानांकन असो वा नसो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूचना जाहीर केल्या. साखरेतून मिळणारी ऊर्जा ५ टक्क्यांखाली असावी, असं त्या सांगतात. दिवसाला २,००० कॅलरी धरल्या तर हे सुमारे २५ ग्रॅम होतात. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळा, असंही त्यात आहे, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे रक्त वाढावं म्हणून घेतलेला गुळाचा चहा भाकरीवर लगेच घेतला, तर लोहाची वाट आपणच अडवली.

[दृश्य: वाफ्यात ओतलेला गूळ. बाजूला भाकरीची रिकामी ताटली.]

"पावणं, च्या घ्या." गुळव्या मामा कपात खडा टाकायला जातात. आम्ही म्हणतो, जरा थांबा, तो काट्यावर ठेवा.

काटा १८ ग्रॅम दाखवतो.

मामा आकड्याकडं बघतात, मग आमच्याकडं. "आणि दुपारचा च्या?"