माशी बदलताना

[दृश्य: आषाढातला पाऊस, कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. मग टेबलावर उघडलेली पेटी.]

पेटी उघडली की आधी स्पंजाचा कोंदट वास येतो. एअर पिस्तूल वरवर ठीक दिसतं. पण नळीच्या टोकाशी, फ्रंट साइटच्या म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेच्या, माशीच्या स्क्रूभोवती पांढरी पूड बसलेली असते. ही धूळ नव्हे. स्क्रू पोलादी, खालचा भाग अल्युमिनिअमचा आणि मधे खारट ओल. अशा जोडीत अल्युमिनिअम आधी खाल्लं जातं आणि त्याची पूड आट्यांत घट्ट बसते. त्यामुळे किनाऱ्यावर नवी माशी बसवायला पाच मिनिटं पुरतात, जुनी काढण्यात सकाळ जाते.

[दृश्य: सिलिंडर काढणारे हात.]

पहिलं काम हवेचा सिलिंडर काढणं. तो 200 बारपर्यंत भरलेला असू शकतो. झाकण उघडून छर्रा आत नाही हे डोळ्यांनी पाहायचं. मगच पिस्तूल व्हाइसमध्ये म्हणजे टेबलाच्या शिकंजात, जबड्यांना चामडं लावून, आणि तेही नळी न आवळता.

[दृश्य: स्क्रूचं डोकं, अगदी जवळून.]

ॲलन की, म्हणजे षट्कोनी किल्ली, कंपनीने सांगितलेल्या मापाचीच हवी. बहुधा दीड किंवा दोन मिलिमीटर. गोल टोकाची की इथे नको. तिचा टेकू कमी, षट्कोन लगेच गोल होतो, आणि मग खरी कटकट सुरू होते. सरळ टोकाची की तळापर्यंत दाबायची. त्याआधी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने आट्यांवर सोडायचा आणि अर्धा तास थांबायचं. बाटली ओतली तर तेल हवा अडवणाऱ्या सीलपर्यंत पोचतं. तरीही स्क्रू हलेना, तर सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक डोक्यावर अर्धा मिनिट टेकवायचं. जुनं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावलेला गोंद, उष्णतेने मऊ पडतं. मग आधी किंचित आवळायचं आणि नंतर सोडवायचं. हा उलटा झटका बरेचदा काम करतो.

[दृश्य: व्हर्नियर कॅलिपरमध्ये माशी.]

माशीची रुंदी साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर. रुंदीइतकंच उंचीचं माप घ्या, कारण चूक तिथे होते. मागची खाच म्हणजे मागची साइट ते माशी अंतर 330 मिलिमीटर धरलं, तर 10 मीटरवर फरक तीसपट होतो. माशी 0.3 मिलिमीटरने उंच बसली की छर्रा 9 मिलिमीटर खाली. लक्ष्याची एक रिंग 8 मिलिमीटरची, म्हणजे गुण गेलाच. माशी उंच तर छर्रा खाली, माशी उजवीकडे तर छर्रा डावीकडे. मागच्या साइटचं गणित याच्या नेमकं उलट, आणि रेंजवर गोंधळ उडतो तो इथेच.

काडतुसांच्या पिस्तुलात माशी बहुधा डव्हटेल खाचेत, म्हणजे तळाशी रुंद होत जाणाऱ्या खाचेत, ठोकलेली असते. तिला साइट पुशर, म्हणजे माशी आडवी सरकवणारं हत्यार लागतं. ते काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावं.

[दृश्य: कापराची ज्योत, चिमट्यात माशी.]

चकाकणारी माशी उन्हात फसवते. जुना उपाय कापराच्या काजळीचा. माशी सुटी असतानाच, पिस्तुलापासून लांब, चिमट्याने ज्योतीवर फिरवली की काळा, अजिबात न चमकणारा थर बसतो. बोट लागलं की तो पुसला जातो, तेव्हा बसवतानाही चिमटाच वापरा.

आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडे करून निळ्या थ्रेडलॉकरचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावायचा. की दोन बोटांत धरून जेवढी आवळेल तेवढीच आवळायची. थ्रेडलॉकर पूर्ण मुरायला 24 तास जातात. त्याच संध्याकाळी नेम धरायला घेतलं, तर माशी सूतभर फिरते आणि दोष मागच्या साइटला मिळतो.

[दृश्य: बंद होणारी पेटी.]

पेटीतला स्पंज ओल धरतो. पावसाळ्यात पिस्तूल सुती फडक्यात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते बदला. त्या दाण्यांत कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या तव्यावर भाजून पुन्हा वापरू नका.