वीस नावांची यादी

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीचा पहिला रविवार आहे, बाहेर बर्फ आहे, आणि अमेरिकेतल्या मराठी घरांत ज्यांची मुलं बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत आहेत, त्यांच्या दप्तरात या आठवड्यात एक कागद येईल. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या नावांची यादी. चौदा तारखेला व्हॅलेंटाइन डे. मुलाने कार्डं आणायची असतील तर प्रत्येकासाठी आणायची, एकालाही वगळायचं नाही, असं त्या कागदावर बहुतेक लिहिलेलं असतं.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये बरीच वर्षं तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवलं. सुरुवातीला हा दिवस मला परका वाटायचा. आपल्याकडे व्हॅलेंटाइन म्हटलं की कॉलेजची मुलं आठवतात, आणि इथे चार वर्षांची पोरं बुटांच्या खोक्याला लाल कागद चिकटवून त्याची टपालपेटी करत होती. मग एका वर्षी माझ्या मुलीने कार्डाची चिठ्ठी तिच्याशी भांडणाऱ्या मुलाच्या खोक्यात टाकली, कारण यादीत त्याचं नाव होतं. ती टाकतानाचा तिचा चेहरा पाहिला आणि मला आमची गल्ली आठवली. संक्रांतीच्या संध्याकाळी तिळगुळाचा डबा घेऊन आम्ही हिंडायचो, आणि ज्यांच्याशी वर्षभर अबोला होता त्यांच्या दारातही आई आम्हाला उभं करायची. संक्रांत चौदा जानेवारीच्या सुमाराला आणि हा दिवस बरोबर महिन्याने. तेव्हापासून मला त्याचं परकेपण वाटलं नाही.

आज मला तुमच्याकडे एकच आग्रह धरायचा आहे: दुकानातून तयार कार्डांचं खोकं आणू नका. मुलांना करू द्या. आणि त्यांनी केलेलं सुधारू नका.

कागद जवळ असेल तर आत्ताच घ्या, मी सांगते तसं करा. चौकोनी लाल कागद मधोमध दुमडा. घडीची बाजू डाव्या हाताला ठेवा. आता घडीला चिकटून एक कोयरी काढा. आपल्या साडीच्या काठावर असते तशी, गोल भाग वर आणि टोक खाली, आणि ते टोक घडीवरच संपलं पाहिजे. घडी न कापता कोयरीच्या कडेने कात्री चालवा. कागद उघडा. बदाम तयार. पाच वर्षांच्या मुलाला कोयरी तुम्ही आखून द्या, कापायचं त्याने. एक कान मोठा, एक लहान असं होत नाही, कारण घडीमुळे दोन्ही सारखे येतात, आणि कागद उघडताना मूल जे हसतं ते ऐकण्यासारखं असतं.

तीन वर्षांच्या मुलाला कात्री देऊ नका. त्याचा अंगठा लाल रंगात बुडवा. एक ठसा तिरका, दुसरा उलट बाजूने तिरका, दोघांची खालची टोकं जुळवून. तोही बदामच. आणि हे कार्ड पुढे कितीही वर्षं ठेवलं तरी त्यावर त्याचा त्या वयाचा अंगठा राहतो.

सात-आठ वर्षांच्यांना एक गंमत फार आवडते. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणाच्या खडूने, जोर देऊन, काहीतरी लिहायचं. दिसत नाही. मग वर पाण्याचा रंग फिरवायचा. मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही, तेवढी अक्षरं कोरी राहतात आणि मजकूर उगवतो. रंग न लावताच कार्ड द्यायचं, आणि ज्याला मिळेल त्याने घरी जाऊन रंग फिरवायचा.

घरात वेगवेगळ्या वयांची मुलं असतील तर काम वाटून द्या. यामागे एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर घडली. वूस्टर गावात १८२८ साली एस्थर हाउलंड नावाची मुलगी जन्मली. तिच्या वडिलांचं कागद-पुस्तकांचं दुकान होतं. १८४७ साली ती शिक्षण पूर्ण करून घरी आली आणि त्याच सुमारास तिला इंग्लंडहून आलेलं एक नक्षीदार व्हॅलेंटाइन कार्ड पाहायला मिळालं. तिला वाटलं, हे मी याहून चांगलं करीन. वडिलांकडून तिने लेससारखा जाळीचा कागद आणि रंगीत कागद मागवून घेतले, नमुने केले, आणि भावाने दुकानाच्या फेरीवर जाताना ते बरोबर नेले. दोनशे डॉलरच्या ऑर्डरी आल्या तरी खूप, अशी तिची अपेक्षा. भाऊ परतला तो पाच हजारांहून जास्तीच्या ऑर्डरी घेऊन, असं सांगतात. एकटीने इतकं होणं शक्य नव्हतं. तिने मैत्रिणींना घरी बोलावलं आणि टेबलाभोवती बसवलं: एकीने चित्रं कापायची, दुसरीने मागचा कागद मांडायचा, तिसरीने चिकटवायचं. जाळीच्या कागदाखाली ती रंगीत कागदाचा छोटा तुकडा ठेवायची, म्हणजे नक्षी उठून दिसे. ही युक्ती आजही करून बघा, केकखाली ठेवतात तो जाळीचा कागद आणि खाली लाल तुकडा. मोठीने कापायचं, मधल्याने मांडायचं, धाकट्याने ग्लू स्टिक फिरवायची. धाकट्याला डिंकाचं काम मिळालं की तो तासभर जागचा हलत नाही.

आता खाऊ. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण यात हयगय चालत नाही. घरी केलेला खाऊ वर्गात पाठवू नका. बऱ्याच शाळा तो घेतच नाहीत, आणि ते योग्य आहे. शेंगदाण्याची अॅलर्जी आपल्याला माहीत असते, पण २०२३पासून इथल्या मुख्य अॅलर्जीच्या यादीत तिळाचंही नाव आहे आणि पाकिटावर तो छापावा लागतो. म्हणजे आपला तिळगूळसुद्धा एखाद्या मुलाला त्रास देऊ शकतो. शाळेत कार्डं, खाऊ घरचा घरी.

घरी जो करायचा त्यात विस्तव नको. साखरेच्या पाकाने भाजलं तर तेलापेक्षाही वाईट, कारण तो कातडीला चिकटून राहतो. हलव्याला काटा आणायचा तर परातीखाली मंद आच आणि दोन दिवसांचा धीर लागतो. ते आजीचं काम, लहानांनी लांबून बघायचं. त्यांच्यासाठी हे करा: दोन कप पिठीसाखर चाळून घ्या. चार टेबलस्पून कंडेन्स्ड मिल्क घाला, पेपरमिंट इसेन्सचे दोन-तीन थेंब, जास्त नको, नाहीतर टूथपेस्टची चव येते. मुलाला हातांनी मळू द्या. पोळीच्या कणकेसारखा गोळा झाला पाहिजे. चिकटला तर साखर वाढवा. अर्धा गोळा तसाच ठेवा आणि अर्ध्यात बीट किसून पिळलेला रस चमचाभर घाला. छान गुलाबी होतो, बीटाची चव लागत नाही. मग पोळपाटावर पिठीसाखर भुरभुरवून लाटा, पातळ, दोन नाण्यांच्या जाडीइतकं, आणि छोट्या साच्याने बदाम कापा. कागदावर पसरून रात्रभर वाळवा, सकाळी उलटवा. चार वर्षांखालच्या मुलाला द्यायचे तर मऊ असतानाच, लहान तुकडे करून, आणि खाताना खाली बसवून.

वाळले की त्यावर लिहायचं. या देशात साखरेच्या बदामांवर दोन-दोन शब्द छापलेले मिळतात. त्याची सुरुवातही इकडचीच. बोस्टनच्या ऑलिव्हर चेसने १८४७मध्ये साखरेच्या चकत्या कापायचं यंत्र केलं, म्हणजे एस्थर घरी परतली त्याच वर्षी, आणि त्याचा भाऊ डॅनियल याने १८६६मध्ये गोळीवर अक्षरं छापायची रीत शोधली. आपल्याला यंत्र नको. टूथपिक खायच्या रंगात बुडवा आणि मराठीत लिहायला लावा.

हे मी मुद्दाम सांगते आहे. इथे वाढलेल्या मुलांना बाराखडी गिरवायला बसवलं की पाच मिनिटांत पाय हलायला लागतात. पण बदाम इतका लहान असतो की त्यावर दोनच अक्षरं मावतात, आणि मराठीत दोन अक्षरांत किती काही मावतं. आई. बाबा. आजी. ये ना. गोड. माझ्या नातवाने पहिल्या दिवशी 'आजी' लिहिलं तेव्हा 'ज'ची पाठ उलट्या बाजूला वळली होती. मी काही बोलले नाही. चौथ्या बदामावर तो 'ज' आपोआप सरळ झाला, कारण शेजारी मावशीने लिहिलेला 'ज' होता आणि त्याने स्वतः पाहून घेतला. मी बोट धरून फिरवलं असतं तर त्याने पाचवा बदाम केलाच नसता.

कार्डांचंही तसंच. नाव अर्ध्यावर संपेल, शेवटची दोन अक्षरं जागा नसल्याने खाली उतरतील. राहू द्या. वर्गात मी हजारो कार्डं वाटताना पाहिली, आणि ज्यावर आईचं सुबक अक्षर असायचं ते मुलं उलटून बाजूला ठेवायची. वाकड्या अक्षराजवळ थांबायची, बोटाने वाचायची, विचारायची, हे कुणी केलं?

एका बैठकीत मात्र सगळं करायला बसू नका. वीस नावं चार वर्षांच्या हाताला फार होतात, आठव्या नावापाशी रडू येतं. रोज तीन. म्हणजे सातव्या दिवशी संपतं, आणि चौदा तारखेआधी तुमच्याकडे एखादा दिवस उरतो. ती यादी आली की लगेच फ्रिजवर लावा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि पहिली तीन नावं कुणाची ते त्यालाच ठरवू द्या.