लाइन क्लिअर : स्टेशन मास्तरांची रात्रपाळी

पडद्यावर दिसणारे पॅनल, म्हणजे सिग्नल आणि रूळ हाताळण्याचा फलक, कोकण रेल्वेमार्गावरील एका छोट्या स्थानकाचे आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या या 741 किलोमीटरच्या मार्गाचा बहुतांश भाग आजही एकेरी आहे. त्यामुळे दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच रुळावरून धावतात आणि नियंत्रण कक्षाने ठरवलेले क्रॉसिंग, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांनी स्थानकात एकमेकींना ओलांडणे, प्रत्यक्षात घडते ते या टेबलापाशी बसलेल्या माणसाच्या हातून.

शेजारच्या स्थानकाचा फोन येतो आणि गाडी सोडण्यासाठी लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, मागितली जाते. आधीची गाडी पूर्णपणे आत आली आहे आणि पहिल्या स्टॉप सिग्नलच्या पुढे किमान 180 मीटर रूळ मोकळा आहे, याची खात्री पटल्याशिवाय मास्तरांना ती देता येत नाही. लाइन क्लिअरसोबत ते परवानगीची खूण म्हणून एक दोन अंकी प्रायव्हेट नंबर सांगतात. हा नंबर मनाने सांगायचा नसतो. तो छापील तक्त्यातून क्रमाने घ्यायचा, दिला की लगेच खोडायचा आणि कोणत्या गाडीसाठी दिला ते लिहायचे. “चार सात, सत्तेचाळीस,” असे पलीकडून उच्चारून परत आले, की मगच पेन पुढच्या रकान्याकडे वळते.

कॅमेरा आता ज्या वहीवर आहे, ती ट्रेन सिग्नल रजिस्टर. लाइन क्लिअर केव्हा मागितली, केव्हा दिली, गाडी केव्हा सुटली, केव्हा पोहोचली, हे सारे तिच्यात मिनिटासह येते. लिहिताना चूक झाली तर खोडरबर किंवा गिरवागिरव चालत नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मालगाडी थांबून असताना, बाहेर पाऊस कोसळत असताना आणि दुसरा फोन वाजत असतानाही ही शिस्त ज्यांना जाच वाटत नाही, अशा माणसांसाठी ही नोकरी आहे. चटपटीतपणाचे कौतुक इतरत्र पुष्कळ होते. इथे ‘माझ्या लक्षात आहे’ असे म्हणणारा माणूस धोक्याचा.

गाडी न थांबता जाते तेव्हा मास्तर आणि त्यांचा मदतनीस पॉइंट्समन हिरवा दिवा दाखवत डब्यांकडे पाहत असतात. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसला, म्हणजे गाडी तुटलेली नाही. पावसाळी वेळापत्रकात बऱ्याच टप्प्यांवर वेग ताशी 75 किलोमीटरपर्यंत उतरतो, अतिवृष्टीत 40 पर्यंत, आणि नोंदींची संख्या वाढते.

रेल्वेत एका चुकीची किंमत किती असू शकते, ते 2 जून 2023 रोजी दिसले: ओडिशातील बहानगा बाजार येथे सिग्नलच्या जोडणीतील चुकीमुळे गाडी भलत्याच रुळावर गेली आणि 290 हून अधिक माणसे दगावली.

या पदासाठी पदवी, वैद्यकीय तपासणीत उतरलेली नजर आणि संगणकावरील अभिक्षमता चाचणी लागते. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन 35,400 रुपये आहे. पाळीचे तास मात्र स्थानकाच्या वर्गीकरणावर ठरतात. ड्युटीचा निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ निष्क्रिय भरला, की ते काम ‘इसेन्शियली इंटरमिटंट’, म्हणजे अधूनमधून चालणाऱ्या कामाच्या, गटात जाते आणि बारा तासांचे रोस्टर लागू शकते. नियमानुसार निष्क्रिय म्हणजे ज्यात शारीरिक हालचालही लागत नाही आणि सततचे लक्षही लागत नाही, असा वेळ. पण पहाटे चार वाजता पॅनलवर खिळलेले लक्ष मोजायचे कसे, हा प्रश्न उरतोच. सर्वत्र आठ तासांची पाळी असावी, ही स्टेशन मास्तरांची मागणी म्हणूनच जुनी आहे.