कुत्र्याची छत्री

(दृश्य: पावसाळा, कुजक्या ओंडक्यावर अळंब्या)

हिला आपण कुत्र्याची छत्री म्हणतो. कुत्रा तिच्या आडोशाला कधी बसला नसेल, पण ही छत्री म्हणजे बुरशीच, आणि बुरशीचे उपकार त्याच्यावर आहेत. (रानातली छत्री त्याने चघळली, तर मात्र थेट दवाखाना गाठा.)

(दृश्य: तपासणीच्या टेबलावर कुत्रा, पोटावर पुटकुळ्या)

पू, खाज, रात्रभर चाटणं. यामागे बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमेडियस हा जिवाणू असतो. निरोगी कुत्र्याच्या अंगावरही तो राहतो. अ‍ॅलर्जीने कातडी सुजली, ओरबाडली, की डोकं वर काढतो. अशा वेळी डॉक्टर अनेकदा सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक देतात.

या गोळीचं मूळ इटलीच्या सार्डिनिया बेटावर. १९४५ साली काल्यारी शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून ज्युसेप्पे ब्रोत्सू यांनी एक बुरशी मिळवली. त्या बुरशीतून पुढे ऑक्सफर्डमध्ये सेफॅलेक्सिनचं पूर्वज, सेफॅलोस्पोरिन सी, हाती आलं. पेनिसिलिनही बुरशीचंच, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली त्यासाठीच निघाली. त्यामुळे ‘अँटिबायोटिकला बुरशीचा पर्याय’ असं कुणी म्हटलं की थोडं हसू येतं. घरच्याच माणसाची नव्याने ओळख करून द्यावी तसं!

तरी बुरशीतून नव्या औषधांचा शोध चालू आहे, आणि त्याला कारण आहे. ही औषधं जिवाणूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात बांधतात. औषधाला दाद न देण्याचं मेकए नावाचं जनुक मिळालेला जिवाणू दुसराच गवंडी कामाला लावतो. त्याचे हात या औषधांना बांधता येत नाहीत.

(दृश्य: पाइनचं जंगल, जमिनीवर काळ्या वाट्या)

उत्तर युरोपातली ही काळी वाटी म्हणजे स्यूडोप्लेक्टानिया नावाची बुरशी. तिच्यातलं प्लेक्टासिन हे जिवाणू मारणारं द्रव्य डेन्मार्कच्या संशोधकांनी २००५ साली जगापुढे आणलं. अवघ्या ४० अमिनो आम्लांची साखळी. तिची खोड वेगळी: ती गवंड्याच्या वाटेला जात नाही, वीटच धरून ठेवते. त्या विटेचं नाव लिपिड टू. गवंडी बदलला तरी वीट तीच लागते.

प्लेक्टासिन अजून दवाखान्याच्या कपाटात आलेलं नाही. १९५१ साली अळंबीतून मिळालेल्या प्लुरोम्युटिलिन या द्रव्यापासून बनलेलं टियाम्युलिन हे अँटिबायोटिक मात्र डुकरं-कोंबड्यांपर्यंत पोचलं. कुत्र्यांच्या वाट्याला बुरशीचं फ्युसिडिक आम्ल आलं, तेही डोळ्यांत घालायला आणि कातडीवर लावायला.

(दृश्य: न्हाणीघर, फेसाने माखलेला कुत्रा)

तोवर डॉक्टर पुटकुळीतला पू कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला पाठवतात. आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शॅम्पू देतात. फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा असतो. तेवढा वेळ कुत्र्याला धरून ठेवणं, हे घरच्यांचं काम.